सही राष्ट्रपतींची, निर्णय कोणाचा?

मागच्या अंकात आम्ही शाळकरी वाचकांना ‘कार्यकारी मंडळ आणि राष्ट्रपतींचे अधिकार’ या विषयावर प्रश्न पाठवायला सांगितले होते. नागपूर शहर आणि जिल्ह्यातून भरपूर पत्रं आली. बऱ्याच पत्रांत फिरून फिरून एकच शंका होती, तिच्यापासूनच सुरुवात करतो. उत्तरं नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या आणि वकिली करणाऱ्या आमच्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : पुस्तकात लिहिलं आहे की केंद्राची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडे असते. बाबा म्हणतात देश पंतप्रधान चालवतात. दोन्ही बरोबर, असं काहून? (इयत्ता आठवी, महाल)

दोन्ही बरोबर आहे. संविधानाचं कलम ५३ कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेवतं. कलम ७४ सांगतं की राष्ट्रपतींना सल्ला द्यायला पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असेल आणि राष्ट्रपती त्या सल्ल्याप्रमाणे वागतील. हे बंधन आधीपासून पाळलं जात होतं, पण स्पष्ट शब्दांत ते १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने लिहिलं गेलं. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने त्यात एक फट ठेवली. राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र मानावाच लागतो.

घरी कोणाकडे महाराष्ट्र शासनाचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, असेल तर त्याचं शेवटचं पान बघ. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं छापलेलं असतं आणि खाली सही उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. तो कागद राज्यपालांच्या टेबलावर गेलेलाही नसतो. केंद्राचे आदेशही कलम ७७ प्रमाणे असेच राष्ट्रपतींच्या नावाने निघतात. कुठल्याही अधिकाराबद्दल वाचताना दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारायची सवय लाव : नाव कोणाचं, आणि फाइल कुठून निघाली.

आता परीक्षेसाठी. ‘राष्ट्रपती नामधारी असतात’ एवढं एक वाक्य लिहून थांबलास तर उत्तर अर्धंच राहतं. लोकसभेत कोणालाच बहुमत नसेल तेव्हा पंतप्रधान म्हणून कोणाला बोलवायचं, हे राष्ट्रपतींनाच ठरवावं लागतं, कारण सल्ला द्यायला बहुमताचं सरकारच नसतं. १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून अटलबिहारी वाजपेयींना बोलावलं. ते सरकार १३ दिवसांत गेलं. १९९८ मध्ये के. आर. नारायणन यांनी आधी मित्रपक्षांच्या पाठिंब्याची पत्रं मागितली, ती आल्यावरच वाजपेयींना नेमलं. संविधानात यातली कोणतीच पद्धत लिहिलेली नाही. आम्हाला दुसरी जास्त सुरक्षित वाटते.

प्रश्न : डिसेंबरमध्ये ‘सरकार नागपूरला आलं’ असं सगळे म्हणतात. मग सिव्हिल लाइन्समधलं विधान भवन म्हणजे कार्यकारी मंडळ का? (इयत्ता सहावी, धरमपेठ)

नाही. विधान भवनात भरतं ते विधिमंडळ. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घेण्याचं ठरलं होतं, त्यातून हे हिवाळी अधिवेशन आलं. पण मुख्यमंत्री ‘रामगिरी’ बंगल्यावर उतरतात, मंत्र्यांची सोय रवी भवनात होते, हैदराबाद हाऊसमध्ये मुख्यमंत्री सचिवालय सुरू होतं, त्यामुळे त्या दिवसांत दोन्ही मंडळं एकाच गावात दिसतात आणि घोळ होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. सभागृहात तारांकित प्रश्न विचारणारा आमदार विधिमंडळाचं काम करत असतो आणि उत्तर द्यायला उभा राहिलेला मंत्री कार्यकारी मंडळाच्या वतीने बोलत असतो. तो मंत्री आमदारही असतो, म्हणून त्याच्या डोक्यावर दोन्ही टोप्या. विधानसभेच्या २८८ जागांच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री नेमता येत नाहीत, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३. ही मर्यादा २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीची. जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त, तहसीलदार हे सगळे कार्यकारी बाजूचे, पण निवडून न आलेले.

प्रश्न : शाळेत राष्ट्रपतींची अभिरूप निवडणूक घ्यायची आहे. मतांचं मूल्य आणि पसंतीक्रम मुलांना समजत नाही. कशी घ्यावी? (शिक्षिका, काटोल)

आधी खरी पद्धत. मतदार म्हणजे संसदेचे निवडून आलेले खासदार आणि राज्यांच्या विधानसभांचे (दिल्ली, पुदुच्चेरीसह) निवडून आलेले आमदार. नामनिर्देशित सदस्य आणि विधान परिषदेचे आमदार यांत नाहीत. ही चूक उत्तरपत्रिकांत सर्रास होते.

आमदाराच्या मताचं मूल्य काढताना राज्याची १९७१ ची लोकसंख्या घ्यायची, निवडून येणाऱ्या आमदारांच्या संख्येने भागायचं, पुन्हा १,००० ने भागायचं. महाराष्ट्र : ५,०४,१२,२३५ भागिले २८८, भागिले १,०००, म्हणजे १७५. उत्तर प्रदेशात हेच मूल्य २०८ आहे आणि सिक्कीममध्ये ७. सर्व आमदारांच्या मूल्यांची बेरीज खासदारांच्या संख्येने भागली की खासदाराचं मूल्य मिळतं. २०२२ मध्ये ते ७०० होतं. २०१७ मध्ये ७०८ होतं, पण २०२२ ला जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्याने बेरीज घटली. जुन्या गाइडमधला ७०८ हा आकडा कायमचा नाही, हे मुलांना सांगा. जनगणना १९७१ चीच का? ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तोच आकडा गोठवला आहे.

आता शाळेचं गणित. चार वर्ग ही चार ‘राज्यं’ धरा. १,००० ने भागू नका, संख्या लहान आहेत.

पाचवी : ६० मुलं, ३ आमदार, मूल्य २०.
सहावी : ४८ मुलं, ४ आमदार, मूल्य १२.
सातवी : ५४ मुलं, ३ आमदार, मूल्य १८.
आठवी : ५० मुलं, ५ आमदार, मूल्य १०.

आमदारांची एकूण मूल्यं २१२. सगळ्या शाळेतून १० ‘खासदार’ निवडा. २१२ भागिले १० म्हणजे २१.२, ते २१ धरा. खासदारांची मूल्यं २१०. सगळी मिळून ४२२. जिंकायला वैध मतमूल्याच्या निम्म्याहून एक जास्त हवं, म्हणजे २१२.

दोन रंगांचे कागद घ्या. खऱ्या निवडणुकीत खासदारांना हिरवी मतपत्रिका मिळते आणि आमदारांना गुलाबी. आमदारांच्या कागदाच्या मागे वर्गाचं मूल्य आधीच लिहून ठेवा, नाहीतर मोजताना कोणता कागद २० चा आणि कोणता १० चा, हे कळत नाही आणि सगळा खेळ कोसळतो. सगळ्यांना एकाच रंगाचा पेन द्या. खऱ्या मतदानातही आयोगाने दिलेलाच जांभळ्या शाईचा पेन वापरावा लागतो.

तीन उमेदवार ठेवा. मतदाराने नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. देवनागरी, इंग्रजी किंवा रोमन आकडे चालतात, पण अक्षरांत ‘एक’ लिहिलं की मत बाद. बरोबरची खूण केली तरी बाद. १ कुठेच नसेल किंवा दोघांपुढे १ असेल तरी बाद. फक्त १ लिहून बाकीच्या जागा कोऱ्या सोडल्या तर मत वैध राहतं. मुलं चुकली म्हणून रागावू नका. २०२२ मध्ये खुद्द खासदार-आमदारांची ५३ मतं बाद झाली होती.

मोजणीचं एक उदाहरण करून ठेवलं आहे. पहिल्या पसंतीत ‘अ’ला १२ कागद मिळाले : खासदारांचे ४, सातवीचे ३, सहावीचा १, आठवीचे ४. मूल्य १९०. ‘ब’ला ८ कागद : खासदारांचे ४, पाचवीचा १, सहावीचे ३. मूल्य १४०. ‘क’ला ५ कागद : खासदारांचे २, पाचवीचे २, आठवीचा १. मूल्य ९२. कोणीच २१२ ला पोचलं नाही, म्हणून सर्वांत कमी मूल्याचा ‘क’ बाहेर. त्याचे पाच कागद उघडून दुसरी पसंती बघायची. पाचवीच्या एका मुलाने दुसरी पसंती ‘अ’ला दिली होती, उरलेल्या चौघांनी ‘ब’ला. कागद जाताना आपलं पूर्ण मूल्य घेऊन जातो. ‘अ’ झाला २१०, ‘ब’ झाला १४० अधिक ७२ म्हणजे २१२. ‘ब’ जिंकला.

इथे वर्गाला थोडं थांबवा. ‘अ’कडे १३ कागद आहेत आणि ‘ब’कडे १२, तरी ‘ब’ निवडून आला. पहिल्या फेरीत पुढे तर ‘अ’च होता. मुलं भांडतील, भांडू द्या. दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी जाण्याचा प्रकार राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत १९६९ मध्ये प्रत्यक्ष घडला आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले.

आणखी एक : पक्षादेश, म्हणजे व्हिप, या मतदानात काढता येत नाही. वर्गशिक्षकांनीही काढू नये.

प्रश्न : संसदेने विधेयक मंजूर केलं आणि राष्ट्रपतींनी सहीच केली नाही तर? (इयत्ता नववी, सक्करदरा)

कलम १११ तीन वाटा देतं : संमती देणं, संमती रोखणं, किंवा धनविधेयक (कर, सरकारी खर्च अशा विषयांचं विधेयक) नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवणं. परत पाठवलेलं विधेयक संसदेने बदल करून किंवा जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं की राष्ट्रपतींना संमती द्यावीच लागते. मे २००६ मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांसंबंधीचं विधेयक परत पाठवलं होतं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये त्यांनी सही केली.

चौथी वाट लिहिलेली नाही, पण आहे. कलमात मुदत नाही, म्हणून विधेयक तसंच पडू देता येतं. १९८६ च्या टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयकाचं झैलसिंग यांनी हेच केलं. त्यात लोकांची पत्रं अडवून उघडण्याचा सरकारचा अधिकार वाढत होता. त्यांनी ना सही केली ना ते परत पाठवलं, आणि तो कायदा झालाच नाही.

मुदतीचा हा वाद अलीकडेही गाजला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तमिळनाडूच्या प्रकरणात, राज्यपालांनी राखून ठेवलेल्या विधेयकांवर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा असं म्हटलं. त्यावर राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली १४ प्रश्न विचारून न्यायालयाचं मत मागवलं. २० नोव्हेंबर २०२५ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की संविधानात मुदत नसताना न्यायालय ती घालू शकत नाही. मात्र राज्यपाल विनाकारण आणि अमर्याद काळ गप्पच बसले, तर न्यायालय मर्यादित स्वरूपात लक्ष घालू शकतं. त्या पीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, मूळचे अमरावतीचे आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेले.

प्रश्न : वटहुकूम किती दिवस टिकतो? (इयत्ता आठवी, उमरेड)

वटहुकूम म्हणजे अधिवेशन चालू नसताना काढलेला तात्पुरता कायदा. तो टिकतो संसदेचं अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवडे. तोवर दोन्ही सभागृहांनी मंजूर केला नाही तर संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही, म्हणून कमाल आयुष्य सहा महिने आणि सहा आठवडे. गडबड होते ती तोच वटहुकूम पुन्हा पुन्हा काढल्याने. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम काढले गेले आणि त्यांतले बरेच असेच जिवंत ठेवले गेले. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी ते शोधून काढून सर्वोच्च न्यायालयात नेलं, आणि न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली.

प्रश्न : राष्ट्रपती राजवट लागली की शाळा बंद होतात का? (इयत्ता पाचवी, हिंगणा)

नाही रे. शाळा, बस, दवाखाने, जिल्हाधिकारी कार्यालय सगळं चालू राहतं. राज्याचं मंत्रिमंडळ तेवढं जातं आणि राष्ट्रपतींच्या वतीने राज्यपाल कारभार बघतात. कायदे करण्याचं काम संसदेकडे जातं. उच्च न्यायालयाला कोणी हात लावू शकत नाही.

मोठ्या मुलांसाठी थोडं जास्त. हे कलम ३५६. घोषणेला दोन महिन्यांत संसदेची मंजुरी लागते. एका मंजुरीवर सहा महिने, आणि ओढून ताणून जास्तीत जास्त तीन वर्षं. महाराष्ट्रात ही राजवट तीनदा लागली : १९८०, २०१४ आणि २०१९. तिसरी सर्वांत छोटी, १२ ते २३ नोव्हेंबर. ती उठली पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी आणि सकाळी आठच्या सुमारास नागपूरचे देवेंद्र फडणवीस यांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला. रात्रीतून मंत्रिमंडळाची बैठक कशी झाली? झालीच नाही. केंद्राच्या कामकाज नियमांतला नियम १२ पंतप्रधानांना तातडीच्या प्रसंगी बैठकीशिवाय शिफारस करू देतो, मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेता येते. नियमात बसतं, तरी इतक्या मोठ्या निर्णयाला हा जवळचा रस्ता वापरावा का, हा प्रश्न उरतोच.

राष्ट्रपती इथे नुसते शिक्के मारत नाहीत, याचीही उदाहरणं आहेत. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशची आणि १९९८ मध्ये बिहारची शिफारस मंत्रिमंडळाकडे परत पाठवली होती.

प्रश्न : राष्ट्रपतीही नाहीत आणि उपराष्ट्रपतीही नाहीत, असं झालं तर? (इयत्ता सातवी, सदर)

झालं आहे, आणि त्या वेळी नागपूरशी जवळचं नातं असलेले गृहस्थ राष्ट्रपती भवनात बसले. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, पण स्वतः निवडणूक लढवायची म्हणून त्यांनी जुलैत राजीनामा दिला. अशा वेळेसाठी संसदेने १९६९ मध्येच कायदा केला होता : सरन्यायाधीशांनी काम बघायचं. सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, इथेच वकिली केली, इथल्या विधी महाविद्यालयात शिकवलं आणि नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही झाले. २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ ते हंगामी राष्ट्रपती होते. त्याच दिवसांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीला आले आणि त्यांचं स्वागत करण्याची पाळी हिदायतुल्लांवर आली.

प्रश्न : अमेरिकेचे अध्यक्ष सही करून कागद कॅमेऱ्याला दाखवतात. आपल्या राष्ट्रपती तसं का करत नाहीत? (इयत्ता आठवी, प्रतापनगर)

कारण तिथे राष्ट्रप्रमुख आणि सरकारप्रमुख एकच माणूस असतो. त्याचे मंत्री संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्य नसतात आणि त्यांचा सल्ला त्याच्यावर बंधनकारक नसतो. तो कागद बहुधा कार्यकारी आदेश असतो. त्याची तुलना आपल्या वटहुकमाशी करू नका. वटहुकूम हा तात्पुरता कायदाच असतो. कार्यकारी आदेश मात्र संविधानाने किंवा काँग्रेसने आधी दिलेल्या अधिकारातच बसावा लागतो. १९५२ मध्ये कोरियन युद्ध चालू असताना ट्रूमन यांनी आदेश काढून पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो रद्द केला. शिवाय पुढचा अध्यक्ष आल्या आल्या नव्या सहीने जुना आदेश मोडू शकतो.

विधेयकावर सही करायला त्यांना रविवार वगळून १० दिवस मिळतात. नकार दिला तर दोन्ही सभागृहं दोन तृतीयांश मतांनी तो उलटवू शकतात. महाभियोगाबद्दल, म्हणजे अध्यक्षांना पदावरून काढण्याच्या कारवाईबद्दल, मुलं हमखास चुकतात : प्रतिनिधीगृहाने महाभियोग लावला म्हणजे अध्यक्ष गेले असं नाही, सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवावं लागतं. जॉन्सन, क्लिंटन आणि ट्रम्प (दोनदा) यांच्यावर महाभियोग लागला, पदावरून कोणीच गेलं नाही. आपल्याकडे कलम ६१ आहे, पण ते आजवर एकदाही वापरलेलं नाही.

प्रश्न : राष्ट्रपतींच्या अधिकाराचा विदर्भाशी काही थेट संबंध आहे का? (पालक, रामदासपेठ)

आहे. कलम ३७१(२). त्यानुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं स्थापण्याची आणि निधीचं न्याय्य वाटप करण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात. तसा आदेश १९९४ मध्ये निघाला आणि वैधानिक विकास मंडळं आली. त्यांना वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली, शेवटची ३० एप्रिल २०२० ला संपली. कलमात राष्ट्रपतींना ‘करता येईल’ असं आहे, ‘करावंच लागेल’ असं नाही. आणि ती फाइलही दिल्लीच्या मंत्रिमंडळाकडूनच यावी लागते.

प्रश्न : आमच्या गल्लीचा रस्ता उखडला आहे. राष्ट्रपतींना पत्र लिहू का? (इयत्ता सहावी, नंदनवन)

लिहायला बंदी नाही. पण राष्ट्रपती भवनात आलेले असे अर्ज तिथलं सचिवालय संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्याकडे पाठवतं, तिथून ते खाली खाली येत तुझ्याच गावात पोचतात. मधला वेळ फुकट जातो. रस्ता कोणाचा ते आधी शोध. शहरातली गल्ली असेल तर महानगरपालिकेचं झोन कार्यालय किंवा नागपूर सुधार प्रन्यास, खेड्यातला रस्ता असेल तर ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद, राज्य महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. अर्जात ठिकाण, जवळची खूण, खराब भागाची अंदाजे लांबी आणि तारीख लिही, दोन फोटो जोड आणि सही आई-बाबांची घे. दोन प्रती ने. एक तिथे द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून पोच घ्यायची. पोच नसली की महिनाभराने ‘अर्ज आलाच नाही’ असं ऐकायला मिळतं.